डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या गाडीला डावीकडे जायला आवडायचं. रस्ता कुठलाही असो, चाकावरचा हात जरा सैल पडला की ती शांतपणे डाव्या कडेकडे निघायची. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला बहुधा कालवा असतो, आणि कालवा नसला तर भाताचं शेत. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा दोष वाटत नसे. "तिची सवय आहे ती," असं ते सांगत, घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाच्या तपकिरीविषयी सांगावं तसं.

अप्पांना देवनागरी वाचता येत नव्हती. तंजावरात आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की तमिळ, नाहीतर इंग्रजी. मी ही लिपी मोठेपणी हट्टाने शिकले. तिचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे अप्पांच्या गाडीविषयीचं मनातलं सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत लिहून ठेवता आलं.

गाडी घेतली ती अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर. तीस वर्षं ते खात्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून कालव्यांची पाहणी करत फिरले होते, आणि शेजारी बसून आपल्याला गाडी चालवता येते असा त्यांचा समज झाला होता. पापनाशमच्या एका भातगिरणीच्या मालकाकडे ही गोल नाकाची, माझ्याएवढ्याच वयाची गाडी होती. देशाचे दरवाजे तेव्हा नुकतेच उघडले होते आणि मालकाला नवी गाडी घ्यायची होती. अप्पांनी जुनी घरी आणली. तिचा मागचा उजवा दरवाजा फक्त बाहेरूनच उघडायचा. पण देशाचे उघडले होते, एवढं समाधान होतं.

स्टिअरिंगचं चाक भलं मोठं होतं आणि त्यातला प्ले, म्हणजे फुकट फिरण्याची मोकळीक, तसाच भला मोठा. नव्या गाडीत चाक दोन बोटं फिरलं की टायर वळू लागतं. आमच्याकडे पाव वळसा फिरवला तरी टायरांना पत्ता लागत नसे. मग बातमी पोचायची आणि गाडी एकदम जास्तच वळायची, ज्याला उशिरा कळतं तो माणूस जास्त चिडतो तशी. म्हणून अप्पा सरळ रस्त्यावरसुद्धा चाक सतत डावी-उजवीकडे हलवत बसत, ताक घुसळल्यासारखे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस किती मन लावून गाडी चालवतोय. ते खोटंही नव्हतं.

स्प्रिंगांबद्दल काय सांगावं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. नववीच्या वर्गात स्प्रिंग ताणावी, सोडावी, ती पुन्हा मूळ जागी येते असं फळ्यावर काढून दाखवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बघायचं, तर गाडीची मागची डावी बाजू गेले वर्षभर मूळ जागी आलेली नाही. शॉकअप नावाला होते. खड्डा मागे पडून फर्लांगभर झाला तरी गाडी वरखाली डुलत राहायची. आई तर गाडीत बसायलाच तयार नसे. ती तिरुवैयारुला माझ्या आत्याकडे बसने जाई आणि आमच्या आधी पोचून, कॉफी पिऊन, दारात उभी असे.

अप्पा गाडीची निगा राखत नव्हते असं मात्र कोणी म्हणू नये. रोज सकाळी ते तिला धूत. आठवड्याला मेण लावत. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, बॉनेटवर चंदन, कुंकू, झेंडूची माळ आणि चार चाकांखाली चार लिंबं. नव्या बसस्टँडजवळ गाड्यांच्या शृंगाराची दुकानं निघाली होती. तिथून त्यांनी सीटची मखमली कव्हरं आणली, रिव्हर्स घेताना गाणं वाजवणारा हॉर्न आणला, स्टिअरिंगला चामड्याचं आवरण शिवून घेतलं. ते आवरण फार सुंदर होतं. त्यामुळे चाक आता अगदी आरामात, हाताला मऊ लागत, काहीच न करता फिरायचं.

पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस घालायची जागा असते, बारीक निपल असतात, हे मी एकदा त्यांना सांगितलं. कुठे वाचलंस, असं त्यांनी विचारलं. गाडीबरोबर गिरणीमालकाने दिलेल्या पुस्तकात, असं मी म्हणाले. अप्पांनी ते पुस्तक दुसऱ्या दिवशी माळ्यावर टाकलं. दिसतो तेवढा भाग चकचकीत असला की न दिसणारा आपोआप ठीक राहतो, असा त्यांच्या खात्याचा अनुभव असावा.

माझ्याकडे लायसन्स होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या नव्या गाडीवर शिकून, आठचा आकडा काढून, मी ते मिळवलं होतं. त्याचा उपयोग ओळख पटवण्यासाठी होई. ही गाडी अप्पा मला देत नसत, कारण या स्टिअरिंगला अनुभव लागतो. या एका बाबतीत ते शंभर टक्के खरं बोलत होते.

समोर एक निवृत्त बँक मॅनेजर राहायचे. त्यांनी नवी छोटी पांढरी गाडी घेतली होती. एका सकाळी ते अप्पांना म्हणाले, सार, तुमची गाडी लांबून येताना दिसली की देवळातला हत्ती आठवतो, दोन्ही बाजूंना डुलत येते. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं असेल. अप्पा दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, चल, कॉम्प्युटरला दाखवू.

त्रिचीच्या रस्त्यावर तेव्हा एक नवं दुकान उघडलं होतं. काचेच्या भिंती, आत एसी, आणि चाकांचे कोन मोजणारा कॉम्प्युटर. टाय लावलेल्या एका तरुणाने आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि थंड पेय दिलं. काचेपलीकडे आमची गाडी उचलली गेली, तिच्या चारी चाकांना चिमटे लावले गेले आणि पडद्यावर आकडे उमटले. सगळे लाल होते. अप्पा पुढे झुकून बघत होते, पेशंटचा नातेवाईक बघतो तसे. तरुणाने भराभर काहीतरी सांगितलं. त्यात मधेच, जाता जाता, 'जॉइंट थोडे झिजलेत, पण आपण सेटिंग करून टाकू' असंही एक वाक्य होतं. ते मी ऐकलं. अप्पांनी ऐकलं की नाही कोण जाणे. खाली कोणीतरी पाना फिरवला आणि आकडे एकेक करून हिरवे झाले. अप्पांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

तिथून त्यांना एक छापील कागद मिळाला, मागच्या काचेला लावायला एक स्टिकर, आणि चाकांना तोलासाठी शिशाचे बारीक तुकडे. आठ दिवस गाडी सरळ चालली. नवव्या दिवशी तिने पुन्हा कालव्याकडे बघितलं. अप्पांनी कागद काढून दाखवला. गाडी डावीकडे जाते आहे असं मी म्हणत होते आणि ती जात नाही असं कागद म्हणत होता. कागद कॉम्प्युटरने छापलेला होता, आणि मी त्यांचीच मुलगी.

आता आत्याविषयी सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पुढचं काही घडलं नसतं. अप्पांची मोठी बहीण तिरुवैयारुला राहायची. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, चाळीस वर्षं मुलींना गाणं शिकवत आलेली. गुडघे पूर्ण धरले होते, पण कान शाबूत होते, नको तितके शाबूत. दर पंधरा दिवसांनी तिला तंजावरला डॉक्टरकडे आणायचं आणि परत सोडायचं, हे अप्पांचं काम. मध्ये पाच नद्या लागतात, म्हणजे पाच पूल. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी रस्ता खचलेला आणि पूल वर राहिलेला. पाच पूल जाताना, पाच येताना, असे दहा धक्के. आत्या त्यांत काहीतरी ऐकायची.

कॉम्प्युटरनंतरच्या पहिल्याच फेरीत, वेन्नारच्या पुलावरून उतरताना तिने अप्पांच्या खांद्यावर मागून बोट ठेवलं.

"डावा पाय," ती म्हणाली. "पुढचा. खड्ड्यात उतरतांना नव्हे, वर येतांना. ठक् म्हणतो."

"अक्का, तूं गाणें शिकीव," अप्पा म्हणाले. "गाडी मला कळते."

"बरें," आत्या म्हणाली, आणि सीटवर मागे टेकली. पुढच्या पुलावर वर येताना ती नुसतीच "हूं" म्हणाली. त्याच्या पुढच्या पुलावरही. अप्पांनी रेडिओ लावला.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा आयुधपूजा होऊन चारच दिवस झाले होते. माझ्या शाळेला तिमाही परीक्षेनंतरची सुट्टी होती, म्हणून याही वेळी मी बरोबर होते. बॉनेटवरचं चंदन अप्पांनी धुताना जपलेलं, अजून ओलं वाटावं इतकं ताजं. आत्याला मागे आडवे पाय करून बसवलं, मी पुढे बसले. कावेरीचा पूल ओलांडला, कुडमुरुट्टीचा ओलांडला. आत्या म्हणाली, आज आवाज वेगळा आहे, आज तो दोनदा वाजतो. दोन्ही बाजूंना नुकती लावणी झालेली शेतं होती, पाणी भरलेलं. समोरून गावची बस आली. अप्पांनी तिला वाट द्यायला चाक जरा फिरवलं, डावं टायर एका खड्ड्यातून वर आलं, आणि खाली काहीतरी टणकन तुटून पडलं.

पुढचं अगदी सावकाश घडलं, कारण अप्पा कधीच जोरात चालवत नसत. त्यांनी चाक उजवीकडे फिरवलं. डावं टायर डावीकडे गेलं. त्यांनी आणखी फिरवलं. उजवं टायर ऐकत होतं, डाव्याने मात्र संबंध तोडले होते. अप्पा सवयीने इकडे-तिकडे चाक हलवतच राहिले, अगदी मन लावून, आणि त्यांचे हात हलत असताना गाडी रस्ता सोडून, उतार उतरून, नमस्काराला वाकावं तशी शेतात नाक टेकून थांबली. चिखलाचं पाणी बॉनेटवरच्या चंदनापर्यंत उडालं.

मी मागे वळून पाहिलं. आत्या सीटवरून घसरून दोन सीटांच्या मध्ये बसली होती आणि तिने छातीशी पिशवी धरली होती.

"काय जालें?" तिने विचारलं. मग स्वतःच कान देऊन म्हणाली, "आतां आवाज येत नाही."

अप्पांचे हात अजून चाकावरच होते. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्या मऊ चामड्यावर घामाचे ठसे उमटले होते. त्या क्षणी मला त्यांची कीव आली. आणि लगेचच, हे जरा आधी, कावेरीच्या पुलावर तुटलं असतं तर, असं मनात येऊन इतका राग आला की मी दार उघडून सरळ घोटाभर चिखलात उतरले.

शेतात बायका लावणी करत होत्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई, तिचंच ते शेत, कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत उभी होती. तिने आधी गाडी पाहिली, मग गाडीखाली गेलेली रोपं पाहिली, मग अप्पांना पाहिलं.

"रस्ता तिकडे आहे," ती म्हणाली.

अप्पा सांगू लागले की कालच नव्हे, पण अलीकडेच कॉम्प्युटरवर तपासणी झाली आहे. ते ऐकून न घेता तिने दोघींना हाक मारली, मागचा दरवाजा बाहेरून उघडला, आणि त्या तिघींनी आत्याला हातांची पालखी करून अलगद वर रस्त्यावर, चिंचेखाली नेऊन बसवलं. थांबलेल्या बसमधले लोकही उतरले. गाडी मागे ओढून काढायला पंधरा माणसं लागली. ती निघाल्यावर शेतात दोन रुंद चर उरले, आणि त्यांत चेंदलेली रोपं.

अप्पांनी भरपाईचं काही विचारलं. ती बाई म्हणाली, भरपाई राहू द्या, रोपं तरी सरळ करा. मला वाटलं ती टोमणा मारते आहे. पण अप्पांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते चिखलात उतरले. आयुष्यभर या शेतांना पाणी पुरवलेला माणूस, पण त्यात वाकायची ही पहिलीच वेळ असावी. त्या बायकांनी जुडीतून रोपं दिली आणि अप्पा तासभर ती खोचत राहिले. त्यांची ओळ वाकडी गेली. बाईने ती उपटून पुन्हा लावली.

आत्याला मी बसने घरी सोडलं. गाडी ट्रॅक्टरला बांधून कंडियूरच्या एका मेकॅनिककडे गेली. याने पंचवीस वर्षं बस डेपोत काम केलं होतं, आणि आता कडुलिंबाखाली पत्र्याची शेड टाकून तो ट्रॅक्टर, ट्रेलर, जे येईल ते दुरुस्त करायचा. सगळे त्याला अण्णे म्हणत. सोफा नव्हता. एक उलटं केलेलं डब्याचं झाकण होतं, त्यावर अप्पा बसले.

अण्णेने पुढचा भाग जॅकवर घेतला. मग डावं चाक वरून आणि खालून धरून हलवलं. चाक लुटुलुटु हललं, पडायला आलेल्या दातासारखं. "हे किंगपिन," तो म्हणाला. मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. "हा टायरॉड, दोन्ही चाकं मिळून वळवणारा दांडा. त्याच्या डाव्या टोकाचा गोळा तर निसटून शेतातच पडलाय." मग त्याने अप्पांना विचारलं, शेवटचं ग्रीस कधी घातलं होतं.

अप्पांनी खिशातून घडी केलेला छापील कागद काढून त्याला दिला. अण्णेने हात पुसून तो घेतला, लांब धरून वाचला, उलटून पाहिला.

"कागद चांगला आहे, सार," तो म्हणाला. "जाड आहे." आणि तो जमिनीवर पसरून त्याने त्यावर काढलेले नट आणि वॉशर ओळीने मांडले.

मी अप्पांकडे बघितलं नाही. बघायची फार इच्छा होती.

तीन दिवसांत अण्णेने पुढचा सगळा भाग सुटा केला. किंगपिन म्हणजे ज्यावर पुढचं चाक वळतं ती जाड पोलादी खुंटी. आमची इतकी झिजली होती की मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड दिसायची. तिच्याभोवतीचे नळीसारखे पितळी बुश गोल राहिले नव्हते, अंड्यासारखे झाले होते. रबराचे बुश हातात घेतले की भुकटी व्हायची. मागच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्यांतला दुसरा पाटा मोडलेला होता आणि पहिला व तिसरा मिळून त्याची बातमी कोणाला लागू देत नव्हते. निपल सापडायला चिखल खरवडावा लागला. आठांपैकी पाचांच्या तोंडाशी गिरणीमालकाच्या काळातलं ग्रीस दगड होऊन बसलं होतं. अण्णे प्रत्येक वस्तू गोणपाटावर ठेवायचा आणि फक्त म्हणायचा, "बघा, टीचर." अप्पांना तो काही म्हणत नसे. तेच जास्त होतं.

सुटे भाग तंजावरात मिळाले नाहीत. दुकानदारांच्या काचेत आता नव्या गाड्यांचे प्लास्टिकचे बंपर लटकत होते, आणि आमच्या गाडीचं नाव काढलं की ते आजोबांच्या तब्येतीची चौकशी करावी तसं हसत. अप्पा आणि मी जुना किंगपिन वर्तमानपत्रात गुंडाळून बसने त्रिचीला गेलो. तिथल्या भंगार बाजारात चौथ्या दुकानात जोडी मिळाली, अजून तेलकट कागदात. बुश मात्र लेथवर करून घ्यावे लागले. परतीच्या बसमध्ये अप्पांनी ते मांडीवर धरले होते. वल्लमच्या पुढे कुठेतरी ते म्हणाले, "अक्काने सांगितलें होतें."

मी हो म्हणाले. खूप काही तयार ठेवलं होतं, पण ते एवढं एकच वाक्य बोलले आणि खिडकीबाहेर बघू लागले, म्हणून मीही तेवढंच बोलले.

सुट्टीचे उरलेले दिवस मी त्या शेडमध्येच काढले. अण्णेने बुश आत ठोकले आणि भोक मोठं करणारा लांब रीमर हाताने सावकाश फिरवत आतून घासले. दोन वळसे, मग खुंटी घालून बघायची, पुन्हा दोन वळसे. खुंटी अंगठ्याने दाबून आत गेली पाहिजे, पण स्वतःहून पडता कामा नये, असं त्याचं माप होतं. कॉम्प्युटर नव्हता. चाकं बसवल्यावर त्याने पुढे आणि मागे दोरी ताणून, बांबूची काठी धरून अंतर मोजलं, खडूने खूण केली, टायरॉड अर्धा वळसा फिरवला, पुन्हा मोजलं. मग ग्रीस गन माझ्या हातात दिली. पहिल्या निपलमध्ये ग्रीस दाबलं, तर बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग सांध्याच्या कडेने काळं जुनं ग्रीस बाहेर आलं आणि त्यामागून नवं, मधाच्या रंगाचं. आठही मीच भरले. केसांतलं ग्रीस आठवडाभर निघालं नाही.

गाडी तयार झाली तेव्हा अण्णे म्हणाला, त्या अम्मांना बोलवा. कोणत्या, असं अप्पांनी विचारलं. "ज्यांनी आवाज ओळखला त्या." अप्पांना ते आवडलं नाही, पण त्यांनीच जाऊन आत्याला रिक्षातून आणलं. अण्णे चालवत होता, आत्या त्याच्या शेजारी, डोळे मिटून. आम्ही मागे. वेट्टारच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी पुलावर चढली, उतरली, एकदाच डुलली आणि डुलायची थांबली. मला तर ती दुसऱ्याच कोणाची गाडी वाटली.

"पुढचें बरें जालें," आत्या म्हणाली. "मागें उजवीकडे एक आहे. बारीक. चुईं."

अण्णेने शेडमध्ये येऊन मागचा उजवा पाटा जिथे टांगलेला असतो तिथला बुश काढला. तडा गेलेला होता. त्याने तो आत्याच्या हातात ठेवला. तिने तो उलटापालटा करून पाहिला आणि बोटं पुसायला माझ्याकडे फडका मागितला. एवढंच. पण मी तिला चाळीस वर्षांच्या शिष्यांच्या कौतुकाने जेवढं खुश झालेलं पाहिलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी पाहिलं.

मग अप्पा चालवायला बसले, मी त्यांच्या शेजारी, आत्या मागे. आत्याला तंजावरला घेऊन जायचं होतं. अण्णे आणि त्याची बायको दारात उभे राहून बघत होते. अप्पांनी गियर टाकला, गाडी निघाली, आणि ती रस्त्यावर नागमोडी जाऊ लागली. अप्पा आपल्या सवयीने चाक ताकासारखं घुसळत होते, आणि गाडी आता त्यांचं प्रत्येक म्हणणं लगेच ऐकत होती. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. समोरून येणारा एक सायकलवाला आधीच उतरून शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला. आत्या म्हणाली, हात स्थिर ठेव. अप्पांनी हात स्थिर ठेवायचा प्रयत्न केला, दहा यार्ड जमलं, मग हात आपोआप हलू लागले. पाच वर्षं ते ज्या दोषाशी जुळवून घेत गाडी चालवायला शिकले होते, तो दोषच कोणीतरी काढून घेतला होता.

पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"फार ऐकते ही," ते म्हणाले. मग किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "तूं चालीव."

मी उतरले, पुढून वळसा घालून गेले, अप्पा सरकून माझ्या जागी बसले. सीट पुढे ओढली. चाक हातात घेतलं तर ते जड होतं, पण सरळ. पूल आला तसा मी वेग कमी केला, पुढची चाकं वर चढली, मग मागची, आणि गाडी परत रस्त्यावर स्थिर झाली. अप्पांचे हात त्यांच्या मांडीवर थोडे हलत होते. वेन्नारपर्यंत त्यांनी मला चार सूचना दिल्या. वेन्नारनंतर सूचना येईनाशा झाल्या, म्हणून मी बाजूला बघितलं. मान खिडकीला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, अप्पा झोपले होते. या गाडीत ते प्रथमच झोपत होते. मागून आत्याने खूण केली, हॉर्न वाजवू नकोस.